‘आपल्यातला’ थेरपिस्ट शोधताना

मला थेरपिस्ट हवा होता आणि तो ज्यू हवा होता. या दोन अटी एकत्र ठेवल्या की भारतात काय होतं ते सांगतो. देशभरात आम्ही सगळे मिळून चार-पाच हजार. त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात, आणि त्यातलेही बहुतेक मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. त्यातून पोरंटोरं वजा करा, म्हातारी माणसं वजा करा, इस्रायलला जायच्या कागदपत्रांत गुंतलेले वजा करा. उरलेल्यांत मानसशास्त्र शिकलेले किती, त्यात रीतसर प्रशिक्षण झालेले किती आणि त्यात माझ्या नात्यात न बसणारं कोण? आम्हा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांत ‘तुम्ही कुठले कर?’ एवढं विचारलं की चहा येईपर्यंत नातं निघतं. पेणकर असोत, रोहेकर असोत, कुणाची तरी आत्या कुणाकडे तरी दिलेली असतेच.

तरी अट तीच होती, आणि त्याला कारण होतं. बाबा गेले. आमच्यात वडील गेल्यावर मुलाने अकरा महिने कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायचा असतो. अकराच का, तर पापी माणसाचा न्याय वरती बारा महिने चालतो असं मानतात, आणि आपल्या बापाला त्या रांगेत उभं करायचं नाही म्हणून एक महिना आधी थांबायचं. पण कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात, म्हणजे मिन्यान. शनिवारी आणि सणाला दहा जण सहज होतात. आडवारी सकाळी मात्र आदल्या रात्री फोन फिरवावे लागतात, आणि तरी कधी आठवर गाडी अडते. टेंभी नाक्याजवळचं आमचं शार हाशामायिम सिनेगॉग 1879 सालचं. ते बांधलं तेव्हा दहा माणसांसाठी फोन करावे लागतील असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

ज्या दिवशी दहा भरायचे नाहीत त्या दिवशी मी ऑफिसला जायचो, काम करायचो, आणि रात्री तीनच्या सुमाराला छाती धडधडत जागा व्हायचो. हात बधिर, श्वास अपुरा. पहिल्यांदा वाटलं, हार्ट अटॅक. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, बी-ट्वेल्व्ह तपासलं. सगळं जागेवर. ते म्हणाले, “हे पॅनिक अटॅक आहेत. वाटलं तर सायकियाट्रिस्टची चिठ्ठी देतो, पण आधी कुणाशी तरी नीट बोला.” कुणाशी, हे त्यांनी सांगितलं नाही. तिथून माझा शोध सुरू झाला.

ज्यूच का हवा, हे बायकोनेही विचारलं. माझं म्हणणं एवढंच, की आठच माणसं जमली म्हणून झोप उडते हे ज्याला मुळापासून समजावून सांगावं लागेल, त्याच्यापुढे बसून मी अर्धा वेळ धर्माचा तास घेणार. पैसे माझे आणि शिकवणार मीच. शिवाय एक धास्ती होती. बाहेरचा कुणी ‘एवढा त्रास होतो तर सोडून द्या ना कद्दीश’ म्हणाला असता तर मी पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नसतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा उपाय वेगळा होता. मावशी म्हणाली, “एलियाहू हन्नाबीला मालिदा बोल. सगळं सुरळीत होईल.” ज्यांनी मालिदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वरून फळं. ताट मधे ठेवून प्रार्थना म्हणायच्या आणि मग प्रत्येकाच्या हातावर थोडं थोडं द्यायचं. नवस बोलायला, फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, आमच्याकडे सगळ्याला मालिदा. जगातले बाकीचे ज्यू हे करत नाहीत, हे कोकणातलं आमचं स्वतःचं. आम्ही अलिबागजवळ खंडाळ्यालाही जाऊन आलो. प्रेषित एलियाहूंचा रथ तिथल्या खडकावरून वर गेला आणि चाकांच्या खुणा राहिल्या, अशी श्रद्धा आहे. तिथे मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री झोपही लागली. पण पुढच्या आडवारी पुन्हा आठच जण, आणि पुन्हा तीन वाजता जाग.

मग समाजात हळूच विचारायला सुरुवात केली. हळूच म्हणजे ‘ऑफिसातल्या एका मित्रासाठी हवंय’ असं म्हणून. यावर कुणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही, पण सभ्यपणे ठेवल्यासारखं केलं. एका काकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “अरे, तुझी मुलगी लग्नाची होईल चार वर्षांत. आपल्यात स्थळं आहेत किती? नाव फुटलं की संपलं.” काका वाईट माणूस नाहीत. मिन्यानला सगळ्यात आधी येणाऱ्यांतले ते. त्यांचा हिशेब व्यवहाराचा होता, आणि चारशे उंबऱ्यांच्या गावात तो चुकीचाही नसतो.

अशा विचारपुशीतूनच एका बाईंचं नाव मिळालं. आमच्यातल्याच, मुंबईत राहणाऱ्या, समुपदेशनाचं काम करणाऱ्या. मी फोन केला, नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “तुझ्या आईला मी ओळखते. तुझ्या चुलतबहिणीच्या मेंदीला मी होते.” मला वाटलं, चला, काम झालं! त्या पुढे म्हणाल्या, “म्हणूनच मी तुला घेणार नाही.” त्यांनी समजावून सांगितलं: आज तू माझ्यासमोर बसून आईबद्दल काही बोलशील, आणि येत्या सणाला ती माझ्या शेजारी बसून मला हलवा वाढेल. मी तोंड बंद ठेवीन. पण मी ते ऐकलेलं आहे हे तुला माहीत असेल, आणि पुढच्या वेळी तू अडखळशील. क्लायंटशी दुसरं कुठलंही नातं नको, हा त्यांच्या कामातला पक्का नियम आहे. लहान समाजात तो पाळायचा म्हणजे आपल्याच माणसांना परत पाठवायचं. या सगळ्या प्रवासात मला भेटलेल्या लोकांत त्या मला सगळ्यात जास्त पात्र वाटल्या, आणि त्यांनीच मला नाकारलं.

जाता जाता त्यांनी एक काम दिलं. “तुला ज्यू माणूस कशासाठी हवाय ते कागदावर लिही. धर्म समजावा म्हणून, भाषा समजावी म्हणून, की आपण किती थोडे उरलोय हे समजावं म्हणून? तिन्ही एका माणसात मिळतीलच असं नाही.”

तो कागद मी बरेच दिवस टाळला. त्याऐवजी ताईला फोन लावला. ताई इस्रायलमध्ये अशदोदला असते, लग्नानंतर तिकडेच गेली. तिथे तर सगळेच ज्यू, तिथे काय तोटा? ताई हसली. 2023 च्या ऑक्टोबरनंतर भोंगे वाजले की तिचे पाय लटपटायचे. तिने तिच्या कुपत होलीमकडे नाव घातलं. इस्रायलमध्ये असे चार आरोग्य निधी आहेत आणि तिथला प्रत्येक रहिवासी त्यातल्या एकाचा सभासद असतो. जुलै 2015 पासून मानसिक आरोग्याचे उपचारही त्यांच्याकडेच आले, म्हणजे हक्क आहे, खर्चही फार नाही, पण रांग महिन्यांची. युद्धानंतर तर विचारूच नका. नंबर लागला तेव्हा समोर आली एक चांगली, हुशार, हिब्रू बोलणारी मुलगी. ताई तिथे इतकी वर्षं राहिलीय, बाजारात घासाघीस हिब्रूत करते. पण मला म्हणाली, “रडायला आलं ना, की माझं हिब्रू संपतं. मग मी मराठीत रडते आणि ती नुसती बघत राहते.”

ताईनेच मला तिकडच्या एका थेरपिस्टशी ऑनलाइन बोलायला लावलं. वेळ जमण्यासारखी होती. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच-साडेतीन तास मागे, आणि तिकडे रविवार कामाचा दिवस, म्हणजे माझी सुट्टी आणि त्यांचं क्लिनिक उघडं. फी मात्र चारशे शेकेल, नऊ हजार रुपयांच्या पुढे. ओळखीचा पहिला कॉल फुकट होता. बाई अगत्याने बोलल्या. इंग्रजी छान. कद्दीश, मिन्यान, काही समजवावं लागलं नाही. मी सुखावलो. मग त्यांनी सहज विचारलं, “तुमच्या पूर्वजांनी धर्म कधी स्वीकारला?”

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं होतं, की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. आमचे लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला आंदोलन झालं, आणि 1964 साली सरकारने स्पष्ट सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. तेव्हा ते फर्मान बदललं. पण त्या मधल्या काळात माझ्या आजोबांनी बांधलेलं सामान सोडलं होतं. “जिथे आपली पिढी मोजून घेतात तिथे कशाला जायचं?” म्हणून. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची गोष्ट आमच्यात पोराला पाळण्यात सांगतात. घाणा चालवून, शनिवारी बैल सोडून, ‘शनवार तेली’ म्हणवून घेत त्यांनी धर्म टिकवला. त्याचा दाखला पुन्हा मी झूमवर द्यायचा? बाबा आयुष्यभर ठाण्यात राहिले त्याची मुळं त्या सामानाच्या गाठोड्यात होती, आणि मी नेमका बाबांसाठीच थेरपिस्ट शोधत होतो.

त्या बाईंना मी मग दोन व्यावहारिक प्रश्न विचारले. रात्री माझं काही बरंवाईट झालं तर तुम्ही तिथून काय करणार? आणि माझी काही तक्रार असली तर कुठे करायची? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यांची नोंद तिकडच्या आरोग्य खात्याकडे आहे, भारतात त्यांना काही करता येणार नाही. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र शिकलो. तिकडे 1977 पासून कायदा आहे: ‘सायकॉलॉजिस्ट’ असं लावायचं तर सरकारी नोंदवहीत नाव लागतं. ‘सायकोथेरपिस्ट’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. म्हणजे पाटी वाचण्याआधी वही बघायची, हे तिथेही तसंच आहे.

आपल्याकडची वही कुठली, ते मग शोधलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. प्रत्येकाला सीआरआर नंबर असतो, आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. बहुतेकांचं एम.ए.नंतर मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचं एम.फिल. झालेलं असतं, त्यात रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम असतं. सायकियाट्रिस्ट वेगळा. तो डॉक्टर, मेडिकल कौन्सिलकडे नोंद असलेला, औषधं लिहून देऊ शकणारा. आणि ‘काउन्सेलर’ या शब्दाच्या छत्रीखाली उत्तम माणसंही आहेत आणि सहा आठवड्यांचा कोर्स करून कार्ड छापलेलीही. काउन्सेलरकडे जायचं असेल तर शिक्षण कुठे झालं, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, हे विचारायचं. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. मी ज्यांना नंबर विचारला त्यातल्या एकांनी ‘डॉक्टरवर विश्वास नसेल तर येऊ नका’ म्हणून फोन ठेवला. नाव वहीत पाहिलं तर नव्हतं.

मधल्या काळात एका वाईट रात्री 14416 ला फोन केला. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, 2022 च्या ऑक्टोबरपासूनची, फुकट, चोवीस तास, मराठीतही. पलीकडच्या मुलाने नाव विचारलं तर मी बाबांचं सांगितलं. का, ते माहीत नाही. त्याने मला श्वास मोजायला लावला, घरात कोण जागं आहे विचारलं, आणि मी निवांत होईपर्यंत लाइन सोडली नाही. उपचारांची जागा ती सेवा घेत नाही. पण रात्री तीन वाजता कुठल्या नातेवाइकाला उठवायचं हा प्रश्न त्या रात्रीपुरता सुटला.

आता तो कागद लिहिला. धर्म, भाषा, थोडं उरणं. लिहिताना कळलं की धर्म समजलेला माणूस मला घरबसल्या पुष्कळ मिळतो. मावशी आहे, काका आहेत, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हज्जान आहेत. बाबांशी मी भांडलो ते मराठीत, शेवटच्या आठवड्यात त्यांचे पाय चेपले ते मराठीत. तेव्हा भाषेवर दोन रेघा मारल्या. आणि समोरचा समाजाबाहेरचा हवा, हे त्या मुंबईच्या बाईंनी शिकवलंच होतं. ज्यू ही अट मी स्वतःच्या हाताने खोडली.

समाजातल्या त्या बाईंनी दिलेली आणि वहीत सापडलेली अशी काही नावं घेऊन फोन केले. सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: मी ज्यू आहे, वडील गेलेत, प्रार्थनेशी जोडलेला त्रास आहे. एकांनी विचारलं, “म्हणजे ख्रिश्चनांतलेच का?” हे मला नवीन नाही, शाळेपासून ऐकतोय, पण आत्ता नको होतं. दुसरे गृहस्थ खूश झाले! “इस्रायल काय देश आहे हो! मोसाद म्हणजे...” पुढची काही मिनिटं मी मोसादची स्तुती ऐकली. महाराष्ट्रात ज्यू असण्याचा हा एक खास भोग आहे. लोक तुम्हाला परक्या देशाच्या हेरखात्याबद्दल शाबासकी देतात. गाझावरून जाब विचारणाराही भेटतो. दोघांनाही वाटतं आपण तुमच्याशी बोलतोय. मी ठाण्यात वाढलो, माझा मोसादशी संबंध तुमच्याइतकाच.

तिसऱ्या बाईंनी विचारलं, “तुमच्या धर्माबद्दल मला फारसं माहीत नाही. मी आधी वाचून येऊ, की तुम्ही सांगाल तेवढंच ऐकू? काहींना एक बरं वाटतं, काहींना दुसरं.” नौपाड्यात क्लिनिक. सीआरआर नंबर मी विचारायच्या आधीच मेसेजमध्ये पाठवला. फी पंधराशे. मी म्हटलं, वाचू नका.

वेळेची गंमत झाली. नोकरी करणाऱ्यांसाठी त्यांच्या सगळ्या मोकळ्या वेळा शनिवारी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, त्यात मी हे काम करणार नाही. जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडावाच लागतो, पण माझं तेवढं नव्हतं. त्यांनी रविवार सकाळ काढून दिली.

पहिल्या बैठकीत गोपनीयतेचा कागद सही करायला दिला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो हक्कच आहे, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. तरी मी बाबांबद्दल बोलेना. इकडचं-तिकडचं सांगत राहिलो. शेवटी त्यांनी विचारलं, काय अडतंय? अडत होतं ते लाशोन हारा. कुणाच्या पाठीमागे वाईट बोलणं आमच्यात मोठं पाप, आणि इथे तर बाप, तोही गेलेला. त्यांनी यावर मत दिलं नाही. म्हणाल्या, “हे तुमच्यात कुणाला विचारता येईल?” ताईच्या ओळखीतल्या रब्बींना विचारलं. उत्तर लगेच आलं: भल्यासाठी, त्रास दूर व्हावा म्हणून, योग्य माणसापुढे बोललेलं त्यात मोडत नाही. मला वाटलं, हे उत्तर ज्यू थेरपिस्टने पहिल्याच दिवशी दिलं असतं. पण मग ते मी थेरपिस्टकडून घेतलं असतं, धर्माकडून नाही, आणि पुरतं पटलं नसतं.

त्यानंतर जे निघालं ते इथे लिहीत नाही. एवढं सांगतो, की त्यात कद्दीश कमी होता आणि सामानाचं ते गाठोडं जास्त. माझी मुलगी शिकायला ताईकडे जायचं म्हणतेय, आणि ती गेली तर माझ्यासाठी कद्दीश म्हणायला इथे कोण उरणार, हा हिशेब मी दर आडवारी माणसं मोजताना करत होतो. त्या आठांत मला बाबांचा नव्हे, माझा शेवट दिसत होता. बाई म्हणाल्या, “तुम्ही माणसं फोन करून बोलावता, तेव्हा त्यांना काय सांगता?” मी म्हटलं, बाबांसाठी या. “आणि ‘माझ्यासाठी या’ असं?” ते मी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला जीभ रेटेना, पण एकदा काकांना म्हटलं. काका आले, आणि येताना जावयाला घेऊन आले.

अटॅक थांबले म्हणणार नाही. अंतर वाढलंय. ‘बिरड्याचा रोजा’ येतो, तेव्हा जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक करायचा आणि संध्याकाळी वालाच्या बिरड्यावर उपास सोडायचा. त्या दिवशी यंदा मी बैठक पुढे ढकलली आणि त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त पुढची तारीख दिली.

गेल्या महिन्यात त्याच चुलतबहिणीचा फोन आला, मेंदीवालीचा. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी कुणी चांगला थेरपिस्ट माहीत आहे का, मराठी बोलणारा, शक्यतो ज्यू. मी मैत्रिणीबद्दल काही विचारलं नाही. सीआरआर नंबर कुठे तपासायचा ते सांगितलं, त्या मुंबईच्या बाईंनी दिलेल्या यादीतली दोन नावं दिली. नौपाड्याचं नाव मात्र दिलं नाही. एका घरातल्या दोघांनी एकाच खुर्चीत बसायचं म्हटलं की पुन्हा तोच मेंदीचा घोटाळा. ती म्हणाली, “तुला एवढं सगळं कसं रे माहीत?” मी म्हटलं, ऑफिसातल्या एका मित्रासाठी शोधलं होतं.